ओहोटीचे ऊन



ज्या सरांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान आहे, ते प्राणिशास्त्राचा पहिला तास वर्गात घेत नसत. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत अष्टमी शोधायची आणि त्या दुपारी मुलांना घेऊन खडपावर जायचे, हा त्यांचा शिरस्ता होता. उधाणाला ओहोटी सकाळ-संध्याकाळी लागते आणि भांगाला ती भर दुपारी लागते, हे कोकणच्या किनाऱ्यावर शाळकरी पोरालाही ठाऊक असते. डोक्यावर सूर्य आणि पायाखाली उघडा पडलेला खडक, असा योग अष्टमीला येतो. सर तो चुकवत नसत.

गुडघाभर खोल खळग्यात उरलेले पाणी कोमट झालेले असे. खळग्याच्या काठाला, पाण्याबाहेर, तपकिरी-हिरवी चामड्यासारखी चटई पसरलेली दिसे. वाकून पाहिले की कळे, ही चटई नव्हे, शर्टाच्या बटणाएवढ्या शेकडो प्राण्यांची वस्ती आहे. प्रत्येकाने तोंड मिटून घेतलेले. हे झोअँथिड, प्रवाळांचे चुलतभाऊ. सर मुलांना दहा मिनिटे उन्हात उभे करत आणि विचारत, "तुम्ही आता घरी जाऊन सावलीत बसाल. हे कुठे जातील?"

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात विज्ञानाने गेली साठ वर्षे घालवली. त्या शोधाची वाट ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळभिंतीवरून जपानच्या नोरीच्या शेतात जाते आणि अलीकडे ती यीस्ट व जिवाणूंच्या टाक्यांपर्यंत पोचली आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय ही वाटच आहे.

सूर्याचे अतिनील किरण लहरींच्या लांबीवरून ओळखले जातात. 280 ते 315 नॅनोमीटरचा पट्टा म्हणजे यूव्हीबी. तो कातडी भाजतो आणि पेशीतल्या डीएनएला थेट इजा करतो. 315 ते 400 नॅनोमीटर म्हणजे यूव्हीए. तो अधिक खोल जातो, त्वचेला अकाली सुरकुत्या आणतो आणि पेशीत घातक ऑक्सिजन-रेणू तयार करतो. ज्याला उन्हात राहायचे आहे, त्याला या दोन्ही पट्ट्यांचा बंदोबस्त करावाच लागतो. माणूस छत्री घेतो, डोक्याला फडके बांधतो किंवा मलम लावतो. खडकाला चिकटलेल्या जिवाला ही सोय नाही.

1969 मध्ये जपानी शास्त्रज्ञ काझुओ शिबाता यांनी ग्रेट बॅरियर रीफवरील प्रवाळांचा आणि एका नीलहरित शैवालाचा अर्क तपासला. त्यात त्यांना एक विलक्षण गोष्ट दिसली. 320 नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश अर्कात अडत होता, पण डोळ्यांना दिसणारा प्रकाश सुखरूप पार होत होता. त्यांनी त्या पदार्थाला साधे नाव दिले, एस-320. प्रवाळाच्या दृष्टीने ही व्यवस्था फार सोयीची आहे. त्याच्या शरीरात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांना अन्न तयार करण्यासाठी दिसणारा प्रकाश हवा असतो. किरणांना आडकाठी करायची, पण उजेड अडवायचा नाही, असे काम हा पदार्थ करतो.

पुढचा उलगडा जपानमधल्या नागोया विद्यापीठात झाला. योशिमासा हिराता यांचा गट नैसर्गिक पदार्थांच्या रसायनात जगभर नावाजलेला होता. 2008 चे नोबेल मिळवणारे ओसामु शिमोमुरा तरुणपणी इथेच काम करत होते. या गटाने 1977 मध्ये पॅलिथोआ ट्युबर्क्युलोसा नावाच्या झोअँथिडमधून मायकोस्पोरिन-ग्लायसिन वेगळे केले आणि 1978 मध्ये पॅलिथिन. 1979 मध्ये नोरी ज्यापासून बनते त्या लाल शैवालातून पॉर्फिरा-334 हाती आले. असा पदार्थ त्याआधी बुरशीत सापडला होता, म्हणून बुरशीच्या बीजाणूंवरून सगळ्या कुळाला मायकोस्पोरिनसदृश अमिनो आम्ले असे लांबलचक नाव पडले. आज या कुळात तीसहून अधिक रेणू ज्ञात आहेत.

या रेणूंची घडण मोठी देखणी आहे. मधोमध सहा कार्बन अणूंचे एक कडे आहे. त्या कड्याला एका बाजूने ग्लायसिन हे अमिनो आम्ल अडकवले की मायकोस्पोरिन-ग्लायसिन होते. ते 310 नॅनोमीटरचा प्रकाश सर्वाधिक अडवते. दुसऱ्या बाजूला सेरीन अडकवले की शिनोरिन होते आणि सेरीनऐवजी थ्रिओनिन आले की पॉर्फिरा-334. या दोघांचा शोषणाचा कळस 334 नॅनोमीटरला आहे. पॅलिथिनचा कळस 320 ला, पॅलिथिनचा नातलग असलेल्या पॅलिथीनचा 360 ला. कडे तेच राहते, त्याला अडकवलेला लोलक बदलतो आणि अडणारा प्रकाश बदलतो. पुढच्या सगळ्या प्रयोगांचा पाया हाच आहे.

रेणूने किरण शोषला म्हणून काम संपत नाही. शोषलेली ऊर्जा जायची कुठे, हा खरा प्रश्न असतो. बाजारातल्या अनेक मलमांमध्ये असलेले अॅव्होबेन्झोन यूव्हीए उत्तम अडवते, पण उन्हात ते स्वतःच हळूहळू तुटते, म्हणून त्याला सांभाळायला दुसरे रेणू सोबत द्यावे लागतात. पॉर्फिरा-334 चे वागणे निराळे आहे. प्रयोगशाळेतल्या मोजणीत शोषलेल्या ऊर्जेचा 95 टक्क्यांहून अधिक भाग तो उष्णता म्हणून सोडून देतो आणि स्वतः जवळजवळ अभंग राहतो. एकच रेणू पुन्हा पुन्हा वापरता येतो, ही उधळमाधळ न करणाऱ्या संसाराची रीत झाली.

समुद्र हे रेणू हिशेबाने वापरतो. 1986 मध्ये ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ मरीन सायन्सचे वॉल्टर डनलॅप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेव्हिस रीफवर वेगवेगळ्या खोलीवरचे प्रवाळ तपासले. उथळ पाण्यातल्या प्रवाळांत हे पदार्थ भरपूर होते आणि खोली वाढत गेली तसतसे ते कमी होत गेले. समुद्री साळू नावाचे काटेरी प्राणी शैवाल खाऊन हे रेणू मिळवतात आणि आपल्या अंड्यांत साठवतात. म्हणजे पुढच्या पिढीच्या शिदोरीत आईने छत्रीही बांधून दिलेली असते.

आणि या देवघेवीत सूक्ष्मजीवही सामील असतात. डनलॅप आणि त्यांचे सहकारी माल्कम शिक यांनी 1998 मध्ये नोंदवले की व्हिब्रिओ हार्वेई हा समुद्री जिवाणू शिनोरिन आणि पॉर्फिरा-334 यांच्यातला एक लोलक तोडून त्यांचे मायकोस्पोरिन-ग्लायसिनमध्ये रूपांतर करतो. या बदलाने रेणूची जात पालटते. नुसता किरण अडवणारा रेणू आता घातक ऑक्सिजनशीही झुंजतो. सूक्ष्मजीव समुद्री रेणूला नवे रूप देऊ शकतात, हे माणसाने टाक्या उभ्या करण्याआधी समुद्रातच चालू होते.

आता व्यवहाराकडे वळू. रेणू एवढा गुणी, तर तो सरळ समुद्रातून काढून मलमात का घालू नये?

काही प्रमाणात तसे होतेही. स्वित्झर्लंडच्या मिबेल बायोकेमिस्ट्री या कंपनीने पॉर्फिरा अंबिलिकॅलिस या शैवालाचा अर्क सूक्ष्म मेदकोशांत भरून हेलिओगार्ड 365 या नावाने सौंदर्यप्रसाधनांसाठी आणला. त्यात शिनोरिन आणि पॉर्फिरा-334 दोन्ही असतात. या शैवालाची एक बहीण कोकण-गोव्याच्या खडकांवरही उगवते. तिचे शास्त्रीय नाव पॉर्फिरा व्हिएतनामेन्सिस. पावसाळ्यात भरतीच्या वरच्या पट्ट्यातल्या खडकाला जांभळट, प्लास्टिकच्या कागदासारखे पातळ पापुद्रे चिकटलेले दिसतात, ते हेच. तिच्यापासून काढलेल्या पॉर्फिरा-334 च्या सूर्यरक्षक गुणांवर भारतीय संशोधकांनी 2010 मध्ये निबंधही प्रसिद्ध केला.

पण अडचण प्रमाणाची आहे. वाळवलेल्या एका ग्रॅम शैवालातून काही मिलिग्रॅम रेणू मिळतो, आणि ते प्रमाण ऋतू, ऊन व पाण्यातले क्षार यांच्याबरोबर बदलत राहते. आपल्याकडे हे शैवाल वर्षातून काही महिनेच दिसते. पॅलिथोआसारखा प्राणी तर खरवडून काढायचा विचारही करू नये. उन्हापासून माणसाची कातडी वाचवण्यासाठी प्रवाळाचा खडक बोडका करणे हा शुद्ध अन्याय ठरेल. म्हणून जीव जिथल्या तिथे ठेवून त्याची पाककृती तेवढी मागून घ्यायची, असे संशोधकांनी ठरवले. ती पाककृती जनुकांत लिहिलेली असते.

2010 मध्ये हार्वर्ड मेडिकल स्कूलमधील एमिली बाल्स्कस आणि ख्रिस्तोफर वॉल्श यांनी ती वाचून दाखवली. अॅनाबीना व्हेरिएबिलिस या नीलहरित जिवाणूत त्यांना एकाशेजारी एक बसलेली चार जनुके सापडली. पहिले जनुक सात कार्बनच्या एका साखरेला वळवून कड्याचा आकार देते. या साखरेचे नाव सेडोहेप्ट्युलोज-7-फॉस्फेट. दुसरे जनुक त्यावर मिथाइल गट चढवते. तिसरे ग्लायसिन अडकवते. चौथे सेरीन अडकवते, आणि शिनोरिन तयार होते. ही चारही जनुके त्यांनी ई. कोलाय या जिवाणूत घातली. ज्या जिवाणूने जन्मात कधी शिनोरिन बनवले नव्हते, तो ते बनवू लागला.

घरात रोज रात्री हेच घडते. दुधाला विरजण लावले की त्यातले जिवाणू दुधातली साखर घेतात, तिचे आम्ल करतात आणि सकाळी दही लागलेले असते. विरजणाला ही विद्या उपजत येते, ई. कोलायला ती उसनी द्यावी लागली. कच्चा माल मात्र त्याच्याकडे आधीच होता. सात कार्बनची ती साखर जवळपास प्रत्येक जिवंत पेशीच्या रोजच्या व्यवहारात काही क्षण तयार होत असते. हार्वर्डच्या गटाने तिला एका नव्या वाटेवर वळवले.

मग इतर जिवांची पाळी आली. जपानमध्ये हारुओ इकेदा यांच्या गटाने 2014 मध्ये स्ट्रेप्टोमायसिस अॅव्हर्मिटिलिस या मातीतल्या जिवाणूकडून हे काम करून घेतले आणि लिटरमागे 154 मिलिग्रॅम शिनोरिन मिळवले. हा जिवाणू लहानसहान नाही. परजीवींवरच्या ज्या औषधाने सातोशी ओमुरा यांना 2015 चे नोबेल मिळवून दिले, त्या आयव्हरमेक्टिनचा उगम याच्यातच आहे. स्ट्रेप्टोमायसिसचे कूळ महाराष्ट्राला अनोळखी नाही. 1954 मध्ये पिंपरीला स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार यांच्या गटाने बुरशीनाशक हमायसिन शोधले, ते ज्या जिवाणूपासून मिळाले त्याचे नावच स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना आहे. टाकीत जिवाणू वाढवून रेणू काढण्याची विद्या पुणे परिसरात सत्तर वर्षांची जुनी आहे.

2018 मध्ये फ्लोरिडा विद्यापीठातील यूसोंग डिंग यांच्या गटाने दुसऱ्या एका नीलहरित जिवाणूकडे हे काम सोपवले. तो गोड्या पाण्यात वाढतो आणि त्याला साखर लागत नाही, ऊन आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड पुरतो. उन्हावर जगणाऱ्या जिवाने उन्हापासून वाचवणारा रेणू बनवायचा, यात एक सरळपणा आहे. कोरड्या पेशींच्या ग्रॅममागे दोन मिलिग्रॅमहून थोडे अधिक शिनोरिन त्यांनी मिळवले.

पावाचे पीठ फुगवणारे यीस्ट हा सगळ्यांत घरगुती कारागीर. त्याला या कामाला लावले ते सेऊल नॅशनल युनिव्हर्सिटीच्या जी-सूक हान यांच्या गटाने, 2019 मध्ये. यीस्टच्या पेशीत सात कार्बनची ती साखर फार वेळ टिकत नाही. ट्रान्सअल्डोलेज नावाचे विकर तिला लगेच पुढे ढकलते. या गटाने ते विकर बनवणारे जनुकच काढून टाकले. पाटाचे पुढचे दार बंद केल्यावर पाणी तुंबते आणि बाजूच्या वाफ्यात वळवता येते, तसे झाले. शिवाय यीस्टला सहसा न पचणारी झायलोज ही साखर पचवण्याची जनुकेही त्यांनी त्यात घातली, कारण झायलोज पचताना ती सात कार्बनची साखर अधिक तयार होते. लिटरमागे 31 मिलिग्रॅम शिनोरिन हाती आले.

हा आकडा कागदावर मांडून पाहावा. लिटरला 31 मिलिग्रॅम या हिशेबाने एक किलो शिनोरिनसाठी सुमारे 32,000 लिटरची टाकी भरावी लागेल, तीही शुद्ध करताना एक कणही वाया गेला नाही तर. 154 मिलिग्रॅमचा आकडा धरला तरी साडेसहा हजार लिटर लागतात. सनस्क्रीनची चाचणी दर चौरस सेंटिमीटर कातडीवर दोन मिलिग्रॅम मलम लावून करतात. लोक प्रत्यक्षात त्याहून कमीच लावतात, तरी समुद्रावर दिवस घालवणाऱ्या माणसाला ते तळहातभर लागते. म्हणून या क्षेत्रातले संशोधक ग्रॅमच्या भाषेत बोलण्यासाठी रात्रंदिवस धडपडत आहेत.

या धडपडीत महाराष्ट्राला जागा आहे आणि ती चिपाडात आहे. उसाच्या चिपाडातल्या तंतूंत झायलोजचा मोठा साठा असतो. साखर कारखाने आज ते चिपाड बॉयलरमध्ये जाळून वाफ आणि वीज करतात. यीस्ट जर झायलोजवर शिनोरिन बनवू शकते, तर त्याच चिपाडाचा एक हिस्सा ग्रॅमने विकल्या जाणाऱ्या रेणूकडे वळवता येईल. मळीपासून अल्कोहोल करणाऱ्या कारखान्यांकडे आंबवण्याच्या टाक्या आणि त्या सांभाळणारी माणसे आहेत. पुण्यात 1950 पासून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, गोव्यात दोनापावलाला 1966 मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. सामग्री वेगवेगळ्या घरांत पडलेली आहे. ती एका अंगणात आणण्याचे काम करायला हवे आणि ते आत्ता करायला हवे.

उसाकडून असे काम करून घेतल्याचे उदाहरणही आहे. कातडी मऊ ठेवणारे स्क्वालेन पूर्वी खोल समुद्रातल्या शार्कच्या यकृतातून काढत. आता उसाच्या साखरेवर वाढवलेले यीस्ट त्याचा पूर्वज रेणू बनवते आणि ब्राझीलमध्ये ते कारखान्याच्या प्रमाणावर होते. शार्क मारण्याची गरज तेवढी कमी झाली.

यानंतरचा टप्पा सर्वांत रंजक आहे. निसर्गाने बनवलेला रेणू जसाच्या तसा बनवणे ही झाली नक्कल. त्याला हवा तसा बदलणे ही पुढची पायरी. डिंग यांच्याच गटाने 2021 मध्ये नॉस्टॉक लिंकिया या नीलहरित जिवाणूतली जनुके ई. कोलायमध्ये घालून दोन गोष्टी दाखवल्या. पहिली, दुसरा लोलक अडकवणारे विकर फारसे सोवळे पाळत नाही. सेरीन नसेल तर ते दुसरे अमिनो आम्लही स्वीकारते. दुसरी, लोह असलेले आणखी एक विकर शिनोरिनसारख्या रेणूतला लोलक छाटून त्याचे पॅलिथिन करते. हिराता यांच्या गटाला 1978 मध्ये जो रेणू प्राण्याच्या शरीरातून काढावा लागला, तो आता जिवाणूच्या टाकीत, पायरी पायरीने, ठरवून बनवता येतो. कळस 310 ला हवा की 320 ला की 334 ला, हे कोणती विकरे घालायची त्यावर ठरते. यूव्हीबी आणि यूव्हीए दोन्ही अडवायचे तर एकच रेणू पुरत नाही, असे दोन-तीन भाऊ एकत्र आणावे लागतात. टाकीत ते शक्य आहे.

माशांनीही या गोष्टीत आपली भर घातली. कॉड माशाच्या गाबोळीत गॅड्युसोल नावाचा रेणू 1980 च्या सुमारास सापडला होता. तो 296 नॅनोमीटरला, म्हणजे थेट यूव्हीबीच्या पट्ट्यात काम करतो. माशाने तो शैवाल खाऊन मिळवला असावा, असे सगळे धरून चालले होते. 2015 मध्ये ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या तैफो महमूद यांच्या गटाने दाखवले की झेब्राफिश तो स्वतःच बनवतो, त्याच सात कार्बनच्या साखरेपासून, दोन जनुकांच्या बळावर. ती दोन जनुके यीस्टमध्ये घातली आणि यीस्टही गॅड्युसोल बनवू लागले. पक्षी, सरपटणारे प्राणी आणि उभयचर यांच्याकडे ही जनुके आहेत. माणसाकडे आणि इतर सस्तन प्राण्यांकडे ती नाहीत. 2023 मध्ये सिद्ध झाले की मासोळी हा रेणू अंड्यात भरून देते आणि तो गर्भाच्या डीएनएचे रक्षण करतो.

इतकी धावपळ कशासाठी, बाजारात मलमे आहेतच की, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या एका काचेच्या टाकीत आहे. ऑक्सिबेन्झोन हा सनस्क्रीनमधला जुना, खूप वापरला गेलेला रेणू. जोर्जे वुकोविच आणि विल्यम मिच यांच्या गटाने समुद्रफूल नावाचे प्राणी ऑक्सिबेन्झोन मिसळलेल्या पाण्यात ठेवले. काहींवर अतिनील किरणांसह कृत्रिम ऊन सोडले, काहींवर अतिनील किरण वगळले. किरण वगळलेली समुद्रफुले जगली. उन्हातली सगळी 17 दिवसांत मेली. 2022 मध्ये सायन्स नियतकालिकात त्याचे कारण छापून आले. प्राण्याने परका रेणू शरीराबाहेर टाकण्यासाठी त्याला साखरेचा एक तुकडा जोडला. मूळ ऑक्सिबेन्झोन किरण शोषून उष्णता सोडते. साखर जोडलेले ऑक्सिबेन्झोन किरण शोषून पेशीला मारक रेणू सोडते. आतल्या सहजीवी शैवालांनी हे विष काही अंशी स्वतःमध्ये कोंडून ठेवले, म्हणून ज्या समुद्रफुलांत शैवाल नव्हते ती अधिक लवकर मेली. उष्णतेने शैवाल गमावलेल्या, पांढऱ्या पडलेल्या प्रवाळांसाठी ही बातमी दुप्पट वाईट आहे.

एक लोलक जोडला आणि रक्षकाचा मारेकरी झाला. म्हणून सूक्ष्मजीवांनी बदललेला प्रत्येक नवा रेणूही समुद्रातल्या जिवांच्या शरीरात गेल्यावर काय होतो, हे त्यांच्यावरच तपासायला हवे. मूळ रेणू समुद्रातून आला एवढ्याने नव्या रेणूला मोकळीक देता येत नाही.

हवाईने 2018 मध्ये कायदा केला आणि 1 जानेवारी 2021 पासून ऑक्सिबेन्झोन व ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनची विक्री थांबवली. पलाऊने त्याआधी, 1 जानेवारी 2020 पासून, दहा रसायनांवर बंदी घातली. थायलंडने 2021 मध्ये सागरी राष्ट्रीय उद्यानांत तसेच केले. प्रवाळांचा सर्वांत मोठा शत्रू तापलेला समुद्र आहे, मलम नव्हे, हे इथे ठामपणे सांगायला हवे. मलम बदलल्याने समुद्र थंड होणार नाही. पण आजारी माणसाच्या खोलीत धूर करू नये, इतकी साधी समज या कायद्यांमागे आहे. माणसाच्या बाजूनेही प्रश्न आहेत. 2019 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 24 जणांवर केलेल्या चाचणीत चार प्रचलित किरणरोधक रेणू पहिल्याच दिवशी रक्तात, आणखी तपासणीची गरज ठरवणाऱ्या मर्यादेपलीकडे आढळले. याचा अर्थ ते अपायकारक आहेत असा होत नाही, आणि म्हणून उन्हात मलम टाळणे मुळीच शहाणपणाचे नाही. अधिक चांगल्या रेणूंचा शोध मात्र यामुळे रास्त ठरतो.

टाकीपासून ट्यूबपर्यंतचे अंतर अजून मोठे आहे. हे रेणू पाण्यात सहज विरघळतात, म्हणून घामाने आणि लाटेने धुऊन जातात. त्यांना मेदकोशात किंवा दुसऱ्या कशात तरी बांधून ठेवावे लागते. युरोपात किरणरोधक म्हणून वापरायच्या रेणूंची अधिकृत यादी आहे, अमेरिकेत सनस्क्रीन औषध मानले जाते, आणि दोन्हीकडे नव्या रेणूला वर्षानुवर्षे पुरावे द्यावे लागतात. म्हणून आज हे अर्क प्रसाधनातला पूरक घटक म्हणून येतात. मुख्य भार झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड आणि कृत्रिम रेणूच वाहतात.

आणखी एक हिशेब राहतो, तो किनाऱ्याचा. ज्या नागोयात पॅलिथिन सापडले, त्याच शहरात 29 ऑक्टोबर 2010 रोजी एक आंतरराष्ट्रीय करार झाला. एखाद्या देशाच्या जीवसंपत्तीतून फायदा झाला तर त्याचा वाटा त्या देशाला आणि तिथल्या लोकांना मिळावा, असे तो सांगतो. भारताने 2002 मध्येच जैवविविधता कायदा केला होता आणि चेन्नईला राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरण आहे. पण आता जीव बोटीने न्यावा लागत नाही. त्याच्या जनुकांचा अनुक्रम संगणकाच्या फाइलमधून जातो आणि दुसऱ्या खंडातल्या टाकीत रेणू होऊन बाहेर पडतो. 2022 मध्ये माँट्रियलच्या परिषदेत देशांनी या अनुक्रमांच्या लाभाचीही वाटणी व्हावी हे मान्य केले आणि 2025 मध्ये त्यासाठी काली निधी सुरू झाला. त्यात कंपन्यांनी स्वेच्छेने पैसे भरायचे आहेत आणि निदान निम्मा निधी मूलनिवासी व स्थानिक समुदायांपर्यंत जावा असे ठरले आहे. पाककृती घेतल्याने जीव वाचतो ही मोठी गोष्ट आहे. पण त्या खडकाशेजारी पिढ्यानपिढ्या राहणारी, कालवे काढणारी माणसे या हिशेबातून वगळली गेली, तर तो खडक राखायला मागे कोण उरेल?

खडक राखणे हे मुंबईतही सोपे राहिलेले नाही. हाजी अली आणि वरळीच्या खडकांवर प्रवाळ आहेत, हे अनेक मुंबईकरांना सागरी किनारा मार्गाच्या निमित्तानेच कळले, आणि 2020 मध्ये तिथल्या प्रवाळांच्या काही वसाहती उचलून दुसरीकडे नेऊन लावाव्या लागल्या. मालवणला 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. विजयदुर्गापासून सुमारे शंभर किलोमीटरवर समुद्रात अँग्रिया बँक ही बुडालेली प्रवाळभूमी आहे. यांतल्या किती जिवांच्या पाककृती अजून कोणी वाचलेल्याच नाहीत. भराव टाकून एखादा खडक गाडला, तर त्याच्यावरची पाककृती कोणत्याही फाइलमध्ये शिल्लक राहत नाही.

श्रोत्यांपैकी ज्यांना जमेल त्यांनी येत्या अष्टमीला दुपारी जवळच्या खडपावर जावे. चपला पक्क्या असाव्यात, डोक्याला टोपी असावी. बटणांची चटई दिसली तर तिला हात लावू नये. पॅलिथोआच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचे जगातल्या अतिजहाल विषांपैकी एक विष असते, आणि त्याची रचना उलगडणाऱ्यांतही नागोयाचा हिराता यांचाच गट होता. वाकून नुसते पाहावे. मग पाणी परत चढू लागते, खळगा भरतो, पहिली लाट चटईवरून जाते आणि मिटलेली तोंडे एकेक करून उघडतात. सर तेवढ्यासाठी सगळ्यांना थांबवून ठेवत.